हाड निळं पडत नाही

लोखंड तापलं की बोलतं.
आधी गवतासारखं पिवळं, मग तपकिरी, मग जांभळं,
आणि निळा कीस उडाला की समजायचं
ड्रिलचं टोक गेलं.
चाळीस वर्षं उद्यमनगरात या निळ्यावर
माझं पोट चाललंय.

केतकी हेरवाडे पहिल्यांदा आली ती
पिशवीतनं एक पिवळट ठोकळा घेऊन.
"मामा, हे हाड समजायचं."
वरून कडक, आत पावासारखं जाळीदार,
परदेशी बनावट, किंमत सहा हजार.
भोक मारलं. लोण्यात सुरी गेली.
"खरं हाड असं नसणार ना?"
मी म्हणालो, तुला कसं कळायचं,
तुमच्या घरात कांदासुद्धा चिरत नाहीत.
हसली. मग हळूच,
"तुम्ही आणाल का?"

आणली. सदर बाजारातनं म्हशीच्या मांडीची नळी,
पेपरात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला.
तिनं हातमोजे चढवले, एकावर एक दोन,
आणि घरी यातलं काही सांगू नका म्हणाली,
जसं काय मी रोज तिच्या घरी जेवायला असतो.

भोकाच्या कडेपासून अर्ध्या मिलिमीटरवर
केसाएवढी तार. तारेच्या दुसऱ्या टोकाला आकडा.
नळीखाली दाब मोजायचा डबा.
एकतीस. छत्तीस. बेचाळीस.
"सत्तेचाळीसवर एक मिनिट राहिलं, मामा,
की तेवढं हाड मरतं."

मरतं म्हणजे?

"म्हणजे असतं तिथंच.
पण स्क्रूला धरत नाही."

दाबाचा आकडा ती वहीत लिहीत होती,
मला तो लिव्हरवरच कळत होता:
वरचा थर अंगावर येतो, हटत नाही,
मग एकदम काहीच नाही,
अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा तसं,
मग पुन्हा पलीकडची भिंत.
ड्रिलच्या नाळीत पांढरा भुगा चिकटून बसला,
बाहेर पडेना, तिथंच घासू लागला,
आणि शिंग जळाल्याचा वास.
साठ.
भोकाची कड पांढरीच्या पांढरी.

माझी डावी नडगी खाजायला लागली.

एका दवाखान्याचा वॉर्डबॉय सर्जेराव
दर दोन महिन्यांनी रुमालात बांधून
बारा-पंधरा बोथट ड्रिल आणायचा.
"धार लावा शिकलगारमामा, साहेब ओरडतात."
लावायचो. एकशे अठरा अंश,
लोखंडाला लागतो तोच कोन, दुसरा कुणी सांगितला होता?
कधी दोन्ही धारा सारख्या,
कधी जुम्म्याची घाई असली की
उन्नीस-बीस.
उन्नीस-बीस लोखंडाला चालतं.

पुढं तावडे हॉटेलपाशी ट्रकनं उडवलं मला.
त्याच दवाखान्यात पट्टी, आठ स्क्रू.
सातव्या महिन्यात तीन ढिले.
डॉक्टर म्हणाले, हाडानं धरलं नाही,
वय झालं, मामा.
मीही तसंच समजलो होतो.

केतकीला हे सांगितलं नाही.
तिच्या वहीत फेरे होते, दाब होता, उष्णता होती;
त्या रकान्यांत हे कुठं बसवायचं?
फक्त विचारलं, कोन बदलून बघू का,
नाळ जरा मोकळी काढू का?
ड्रिल मशीनच्या खांबाला
सलाईनची बाटली टांगली, थेंब थेंब.
उतरव. थांब. उचल. भुगा झटक. परत उतरव.
सदतीस. अडतीस. अडतीसच.
ती टाळ्या वाजवायला गेली
आणि हातमोजे आठवले तिला.

परवा सर्जेराव आला, तोच रुमाल.
शुक्रवार. अजान होऊन गेली तरी
मी चौथ्याच ड्रिलवर होतो.
एकेक धार भिंगाखाली, मग
उरलेल्या नळीवर एकेक भोक,
आणि भोकाशेजारी माझं बोट.
गरम. परत घासायचं.
गरम. परत.

"हे कसलं हाड, मामा? आणि आज इतका वेळ?"

मी म्हणालो,
तिकडनं धर. घट्ट.